पटावरची यमुना

“तुझं नाव काय?”

“जानकी.”

मास्तरांची छडी पोटरीवर बसली. सपकन. मी दचकून म्हटलं, “यमुना.”

शाळा तपासायला आलेला दिपोटी साहेब खुर्चीत मागे रेलून हसला. “स्वतःचं नावसुद्धा सांगता येत नाही?”

साहेब हसला म्हणून मास्तर हसले. मास्तर हसले म्हणून पुढे बसलेली गावातली पोरं हसली. मास्तर म्हणाले, “ही जातच अशी, साहेब. नाव लक्षात राहत नाही, तिथं पाढे काय राहणार?” साहेबानं मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

मी भिंतीशी उभी होते. धाप लागली होती. पोटरी चुरचुरत होती, पण रडू आलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. माझं नाव जानकी नव्हतं. यमुनाही नव्हतं. माझं नाव मला चांगलं ठाऊक होतं. ते कुणी विचारलंच नव्हतं.

तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. वय कुणी लिहून ठेवलेलं नाही. जव्हार संस्थानात राजाचं राज्य होतं आणि आमच्या पाड्याला शाळा नव्हती. डोंगराच्या अलीकडे एका गावात होती, पलीकडे दुसऱ्या गावात. दोन शाळांचे दोन मास्तर, आणि दोघं एकमेकांचे साडू. दोघांनाही तपासणीच्या दिवशी पोरं पुरी दाखवायची होती. मुली तर हव्याच होत्या. पटावर होत्या, शाळेत नव्हत्या. अलीकडच्या शाळेतली जानकी लग्न होऊन पोशेऱ्याला गेली होती. पलीकडच्या शाळेतली यमुना आईबापाबरोबर गवत कापायला वसईकडे गेली होती. नावं मात्र कुणी खोडली नाहीत. दोघी पटावर रोज हजर.

अलीकडचा मास्तर आमच्या पाड्यावर आला. अंगणात आला नाही, कुडाबाहेर उभा राहिला. बाबाला म्हणाला, “पोर एक दिवस दे. नंतर तिचं नाव शाळेत घालून घेतो.”

बाबाला तेच हवं होतं. घरात एकाला तरी कागद वाचता यावा. चौकीवरचा शिपाई कागद फडकवत यायचा आणि बाबाला वेठीला घेऊन जायचा. कधी रस्त्याला, कधी ओझ्याला. त्या कागदावर बाबाचं नाव खरंच असायचं की नाही, देव जाणे. आमच्यापैकी कुणाला ते वाचता येत नव्हतं. बाबा म्हणायचा, “पोरगी वाचील तवा कळंल, माझा नाव हाय का नाय.”

म्हणून त्यानं मला दिली.

मास्तरीणबाईंनी परकर-पोलकं लांबून जमिनीवर टाकलं. ते मी उचललं. पोलक्याच्या खांद्याला निळं ठिगळ होतं. सकाळी अलीकडच्या शाळेत मी जानकी झाले. नाव पुकारलं, “हजर” म्हटलं, काम झालं. साहेब डोलीत बसून निघाला. डोलीचा रस्ता डोंगराला वळसा घालून जातो. आम्ही सात-आठ पोरं ओहोळातून उतरून मधल्या वाटेनं धावलो. काट्यांतून, दगडांतून. डोली पोचली तेव्हा आम्ही पलीकडच्या शाळेत घाम पुसून उभी होतो. तिथं मला यमुना व्हायचं होतं.

त्या डोलीचा एक दांडा बाबाच्या खांद्यावर होता. त्याही दिवशी त्याला वेठीला धरलं होतं. सकाळी त्यानं मला एका शाळेत पाहिलं, दुपारी दुसऱ्या शाळेत. डोली वाहणाऱ्या चौघांनीही पाहिलं. मला छडी बसली तेव्हा बाबा दाराबाहेर मोहाखाली उकिडवा बसला होता. त्यानं खाली मान घातली. त्या मान खाली घालण्याचा मला छडीपेक्षा जास्त राग आला. तो राग बरीच वर्षं गेला नाही.

आणि साहेब? साहेबानं माझ्या खांद्यावरच्या निळ्या ठिगळाकडे पाहिलं होतं. चांगलं पाहिलं होतं. लिहितालिहिता थांबून पाहिलं होतं. मी घरी येऊन आयसला, माझ्या आईला, सांगितलं, “त्याला कळलाय.” आयस म्हणाली, “येडी हायेस. कळला असता तर बोलला असता.”

दोन दिवसांनी बाबा मला घेऊन अलीकडच्या शाळेत गेला. नाव घालायला. हातात कोंबडीही होती. मास्तरांनी कोंबडी घेतली.

“मुलींची संख्या भरली,” मास्तर म्हणाले.

“कोन पोरी हायेत?” बाबानं विचारलं.

“जानकी आहे. आणखी तिघी आहेत.”

“जानकी तर हीच.”

“मग आहे की ही पटावर. आणखी कशाला हवी?”

बाबा म्हणाला, “तर मग तिला जानकी म्हणून बसवा.”

मास्तरांनी आवाज चढवला. “दुसरीच्या नावावर बसवू? खोटेपणा करायला सांगतोस मला?”

आम्ही परत आलो. बाबा पुढे, मी मागे. त्या वर्षी पावसाळ्याआधी पाड्यातल्या माणसांनी पाटलाकरवी आपल्या शाळेसाठी अर्ज केला होता. तपासणीनंतर त्याचंही उत्तर आलं. पाटलानं ते वाचून दाखवलं: जवळच्या दोन्ही शाळांत मुली भरपूर येतात, त्यामुळे नव्या शाळेची गरज दिसत नाही.

भरपूर. त्या भरपूर मुलींमध्ये दोन वेळा मी होते. माझ्याच धावण्यानं माझी शाळा गेली होती. हे मला त्या दिवशी, पाटलाच्या ओट्याखाली उभं असताना कळलं, आणि तेव्हापासून कुणी आकडा सांगितला की माझ्या पोटरीत चुरचुरतं.

पुढच्या वर्षी मास्तर पुन्हा कुडाबाहेर आला. बाबा नाही म्हणणार होता. मी म्हटलं, “जातंय मी.” मास्तर खूश झाला. तेच परकर-पोलकं, तेच निळं ठिगळ. पोलकं आता काखेत घट्ट होत होतं.

साहेब तोच होता. डोलीखाली बाबाही होता. मास्तरांनी पट उघडला. एकेक नाव, एकेक हजर.

“जानकी.”

मी गप्प राहिले.

“जानकी.” मास्तरांनी माझ्याकडे डोळे वटारले.

मी उठून उभी राहिले. मी म्हटलं, “जानकी नाय इथं. ती पोशेऱ्याला नांदते.” मग मी माझं नाव सांगितलं. बापाचं सांगितलं. पाड्याचं सांगितलं. “माझा नाव तुमच्या पटावर नाय. तो घाला, मंग मी हजर.”

मास्तर उठले, छडी उचलली. पण साहेबानं हात वर करून त्यांना थांबवलं. मला वाटलं, आता विचारील. साहेब माझ्या खांद्याकडे बघत होता. तो हसला आणि म्हणाला, “मागच्या वर्षी इथे जानकी होतीस, तिकडे यमुना. यंदा हे तिसरंच?”

म्हणजे त्याला माहीत होतं. मागच्या वर्षी माझ्यावर हसला तेव्हाही माहीत होतं.

मग त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. एक मुलगी कमी केली, की जानकी तशीच ठेवली, मला आजतागायत कळलेलं नाही. कागद माझ्यापासून दोन हातांवर होता. सरळ दिसत होता. मला वाचता येत नव्हतं.

मला बाहेर काढलं. परकर-पोलकं तिथेच उतरवून घेतलं. मी फडकं गुंडाळून पाड्यावर आले. संध्याकाळी बाबा आला. खांदा सोलवटला होता. मला वाटलं, मारील. तो चुलीशी बसला.

“तुझा नाव बरोबर सांगितलास?”

“हां.”

“माझा?”

“हां.”

“बरा केलास,” तो म्हणाला आणि भाकर मागितली. त्या वर्षी त्याला दुप्पट वेळा वेठीला नेलं. कागद दाखवूनच नेलं.

मी शाळेत कधी बसले नाही. हे सांगते आहे मी, लिहिते आहे माझी नात. ती जव्हारला राहून शिकली. लिहिलेलं प्रत्येक पान तिला मी दोनदा वाचायला लावते. ती चिडते. नातीवर माझा विश्वास आहे, कागदावर नाही. माझं नाव मात्र मी तिलाही लिहू देत नाही. एकदा कागदावर चढलं की कोण ते कुठे मोजील, त्याचा भरवसा नाही.

आता पाड्याला शाळा आहे. किती उशिरा आली ते बोलत नाही. रोज सकाळी मी शाळेच्या दाराशी बसते. ओटीत चिंचोके असतात. एक पोर आत गेलं की एक चिंचोका टोपलीत. तरुण मास्तर म्हणतो, “आजी, तुमचं इथे काय काम?” मी म्हणते, “मोजतंय.” परवा मी त्याच्याकडून पटाचा आकडा वाचून घेतला. माझे चिंचोके नऊ कमी भरले. तो म्हणाला, “आजी, तुमची मोजणी चुकली असेल.” बोलताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

तपासणी सोमवारी आहे. मी टोपली घेऊन दारात बसणार. साहेब आकडा वाचील, तेव्हा मी म्हणणार, आकडा नको, नावं वाचा. एकेक वाचा. नाव घेतलेलं पोर उठून बापाचं नाव सांगील, पाड्याचं सांगील. जे उठणार नाही, त्याचं नाव माझ्यासमोर खोडायचं, आणि खोडलेलं माझी नात वाचून दाखवील. तोवर मी दारातून उठणार नाही. साहेबाला जायचं असेल तर त्यानं मला ओलांडून जावं.