आमचा गट वाढला तेव्हा

चर्चमध्ये गट फोडला असं म्हणायचं नाही, वाढला म्हणायचं. बाराच्या वर माणसं झाली की एकाचे दोन गट करायचे, दोन घरं, दोन लीडर. मग रविवारी सगळ्या मंडळीसमोर पाळकसाहेब नव्या लीडरच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणार आणि लोक टाळ्या वाजवणार. माझा गट चौदावर गेलेला. सात वर्षं दर बुधवारी संध्याकाळी सातला तो आमच्या डोंबिवलीच्या घरात भरायचा. गाणी, बायबलमधलं वचन, कुणाची साक्ष, एकमेकांसाठी प्रार्थना, मग चहा. कोण जुन्या गटात राहणार आणि कोण नव्यात जाणार, ही यादी मीच करायची होती.

याद्या करणं म्हणजे माझ्या हातचा मळ. माजिवड्याच्या शाळेत एकतीस वर्षं पोरांच्या तुकड्या पाडल्या मी. रिटायर झाले तरी गटातले सगळे मला बाईच म्हणायचे, आणि मला ते आवडायचं. या यादीत मी एक लबाडी केली. कुणाच्या लक्षात येणार नाही असं धरून चालले.

लबाडी केली ती एका काकांच्या बाबतीत. काका चौऱ्याहत्तरचे. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत जन्म काढलेला, त्यामुळे छातीत कायमची घरघर. आमच्या सोसायटीच्या मागच्या चाळीत एका खोलीत राहायचे, माझ्या दारापासून रमतगमत सात मिनिटं. आठवड्यात ते पाय ठेवायचे असं घर एकच, आमचं. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण एकदा प्रार्थनेत त्यांनीच सगळ्यांसमोर म्हटलेलं, "प्रभू, बुधवारबद्दल तुझे आभार. बाकीचे दिवस मी भिंतीशी बोलतो."

आणि म्हणूनच बुधवारी ते सहा दिवसांचं साठलेलं बोलायचे. साक्ष म्हणजे देवाने आपलं काय केलं ते थोडक्यात सांगायचं. काकांचं थोडक्यात नव्हतंच. "त्या दिवशी मला सेकंड शिफ्ट होती, डब्यात दोडक्याची भाजी होती," इथून सुरुवात. दोडक्याशिवाय गाडी पुढे सरकायचीच नाही. मग ती भाजी कुणाला आवडायची, तो सोबती कुठल्या गावचा, त्याची बहीण कुठे दिलेली. मग काका हात धुवायला बाहेर गेले आणि आत ड्रम फुटला. काका वाचले. सोबती डबा उघडून बसलेला, तो गेला. पस्तीस-चाळीस मिनिटांचं गुऱ्हाळ, दर बुधवारी! कॉलेजातली दोन पोरं ओठ हलवून सोबत म्हणायची. माझा नवरा स्वयंपाकघरात मुद्दाम कपबश्या वाजवायचा. मी गंभीर चेहरा करून बसायचे, आणि खोटं कशाला बोलू, माझं टाळकं फिरलेलं असायचं.

एक नुकतं लग्न झालेली मुलगी नवऱ्याच्या दारूबद्दल बोलायचं म्हणून यायला लागलेली. तीन आठवडे तिला तोंड उघडायला मिळालं नाही. चौथ्या आठवड्यापासून ती आलीच नाही. हे कारण मी पुढे बरेच दिवस स्वतःला देत राहिले. पण काकांना बाजूला घेऊन "काका, जरा आटोपतं घ्या हं" म्हणायला किती वेळ लागला असता? एक मिनिट. तेवढं माझ्याच्याने झालं नाही. वाईटपणा कोण घेणार! शाळेत पोरांचे कान धरणारी मी, चर्चमध्ये मात्र मला गोडच राहायचं होतं.

नवा गट भरणार होता कल्याण-शीळ रस्त्यावरच्या एका टॉवरमध्ये, शुक्रवारी. लीडर एक तिशीचा मुलगा आणि त्याची बायको, दोघं कॉम्प्युटरवाली, गुणी. मी यादी केली ती घरांच्या अंतराप्रमाणे. शीळ रोडचे तिकडे, स्टेशनकडचे इकडे. फक्त काकांचं नाव तिकडे घातलं आणि पुढे लिहिलं, 'तरुणांमध्ये एक अनुभवी माणूस हवा.' पाळकसाहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "बाई, हे फार छान सुचलं तुम्हाला." मी लाजल्यासारखं केलं. काकांना रविवारी चर्चच्या पायरीवर सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, बाई." नव्या लीडरसाठी टाळ्या वाजवताना मी त्यांच्याकडे पाहिलं, तेही वाजवत होते.

पहिला बुधवार काय झकास गेला! साडेआठला चहा. सगळ्यांना बोलायला मिळालं. नवरा म्हणाला, "आज कप वाजवायला लागले नाहीत." आम्ही सगळे हसलो. मीही हसले.

तिसऱ्या बुधवारी सातला बेल वाजली. दारात काका, इस्त्रीचा शर्ट, हातात बिस्किटाचा पुडा. तो ते नेहमी आणायचे. एक चप्पल त्यांनी काढलेली पण होती. मी दार अर्धं धरून उभी राहिले. लीडरांच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला सांगितलेलं की सुरुवातीला माणसं जुन्या गटात परत येतात, प्रेमाने परत पाठवा, नाहीतर नवा गट मूळ धरत नाही. हे सांगणाऱ्याला मी दोष देत नाही. मला फक्त ते फार सोयीचं पडलं.

"काका, तुमचा आता शुक्रवार ना?" मी म्हटलं. मागे हॉलमध्ये सगळे ऐकत होते.

"हो हो. तिकडे ते गेटवर जरा... ते फोटो काढतात, मग वर फोन लावतात, आणि वरून कोणी उचललं नाही की..."

"आधी त्यांना फोन करून जायचं, काका. होईल हळूहळू सवय."

"बरं बरं," म्हणाले. काढलेल्या चपलेत पाय घालायला त्यांना वेळ लागला, भिंतीला हात लावावा लागला. मी हात दिला नाही. दिला असता तर आत घ्यावं लागलं असतं. जाताना त्यांनी पुडा पुढे केला, "हे राहू दे, पोरं खातील." आम्ही तो चहाबरोबर संपवला.

त्यानंतर अडीच महिने मी काकांना पाहिलं नाही. पाहिलं नाही हे जाणवलंही नाही असं म्हणणार होते, पण तेही खरं नाही. जाणवायचं. रविवारी आमच्या चर्चमध्ये दोन उपासना असतात. सकाळच्या उपासनेला दिसले नाहीत की मी म्हणायचे, संध्याकाळी येत असतील, तो नवा लीडर आणत असेल गाडीतून. एक फोन लावायचा होता. नंबर होता, चाळ मागेच होती. मी भाजी आणायला त्याच गल्लीतून जायचे!

मग एका मंगळवारी अनोळखी नंबरवरून फोन आला. "तुम्ही चर्चच्या बाई ना? मी काकांच्या शेजारची. काकांच्या कॅलेंडरवर तुमचा नंबर होता. पाच दिवस झाले, सरकारी दवाखान्यात ॲडमिट आहेत. न्यूमोनिया म्हणतात. ऑक्सिजन लावलाय." मग म्हणाली, "तुमच्याकडचं कोणी आलंच नाही कधी, म्हणून म्हटलं विचारावं." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, ती खरंच विचारत होती.

मी आधी त्या लीडर मुलाला फोन लावला. आवाज चढवूनच विचारलं, "काय रे, काका ॲडमिट आहेत आणि मला शेजाऱ्यांकडून कळतंय?"

मग तो म्हणाला, "बाई, काका तर तुमच्याकडे येतात ना? आमच्याकडे एकदाच आले. दुसऱ्यांदा गेटवरून परत गेले म्हणून कळलं, माझा फोन सायलेंटवर होता. मग आलेच नाहीत. मला वाटलं, परत तुमच्या गटात गेले. सवय होती ना त्यांना तुमच्या घराची."

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. शाळेत फळ्यावर ही म्हण लिहून मी पोरांकडून अर्थ पाठ करून घेतलाय. आमच्या दोघांच्या वहीत काका दुसऱ्याकडे होते. तो मुलगा फोनवर रडायला लागला, माझं चुकलं, बाई, माझं चुकलं म्हणत. मी त्याला गप्प करताना "चुकतं माणसाचं" म्हटलं. माझंही चुकलं, हे काही माझ्या तोंडून निघालं नाही. पुढे त्याने लीडरपण सोडलं. मी अजून आहे.

दुसऱ्या दिवशी, बुधवारीच, दुपारी मी दवाखान्यात गेले. काका निम्मे झालेले. शेजारीण पलंगाच्या कडेला बसून चमच्याने पेज भरवत होती. कुटुंब बौद्ध, ती एका पॅकिंगच्या कारखान्यात कामाला. पाच दिवस खाडे करून बसलेली. देवाधर्माचा काही संबंध नसताना तिने त्यांचं अंगसुद्धा पुसलेलं. मी आपली सफरचंदं घेऊन उभी. मी म्हटलं, "काका, प्रार्थना करूया?"

त्यांनी मास्क जरा खाली केला. "करा की. पण आधी एक सांगतो. यादी तुम्हीच केलेली ना, बाई?"

मी सफरचंदांची पिशवी स्टुलावर ठेवली.

"माझी खोली तुमच्या मागे, आणि मला टाकलं शीळ रोडला. कंपनीत मी पण बघितलंय, माणसाची बदली कशाला करतात ते." मग बराच वेळ नुसता श्वास. शेजारीण म्हणाली, नका बोलू काका. त्यांनी तिला हातानेच थांबवलं. "मी लांबण लावतो, मला कळतं ते. आमची ही पण म्हणायची, पुरे आता. पण एकदा सांगायचं ना, बाई. एक शब्द बोललो नसतो. कोपऱ्यात नुसता बसलो असतो."

रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. रागाला मला उत्तर देता येतं. मला त्यांचे पाय धरायचे होते, हो काका, मीच केलं म्हणायचं होतं. शेजारीण चमचा हातात धरून माझ्याकडे बघत होती. एका परक्या बाईसमोर आपली इज्जत जाईल, एवढंच त्या घडीला माझ्या डोक्यात आलं.

"काका, तसं काही नव्हतं हो," मी म्हटलं. "तुमचा काहीतरी गैरसमज झालाय."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "असेल. झाला असेल." त्यांनी मास्क वर ओढला आणि प्रार्थनेसाठी हात जोडले. मी प्रार्थना केली, चांगली लांबलचक.

शुक्रवारी पहाटे ते गेले. मरणाच्या दारातल्या माणसाला मी खोट्यात पाडलं, आणि मला अवघड वाटू नये म्हणून त्यांनी ते मान्य करून टाकलं.