शेवटचं गाणं सांगायचं राहिलं

शैलाकाकूंचा मेसेज पाच शब्दांचा होता. ‘रविवारी गच्ची नाही. हे गेले.’ मी तेव्हा हबीबगंज स्टेशनच्या बाहेर पत्रकं वाटत उभी होते. (स्टेशनचं नाव बदललं, पण आमच्या घरात अजून हबीबगंजच म्हणतात.) हातात बरेच कागद उरले होते आणि मनात पहिला विचार काय आला ते खरं सांगते... एवढे वाटून टाकू, मग निघू. आमच्या संघटनेची शिकवणच तशी आहे. हातात कागद असेपर्यंत जागा सोडायची नाही. आणखी दोन कागद वाटलेसुद्धा मी. तिसऱ्यासाठी एका बाईंनी हात पुढे केला आणि तो तसाच ठेवून म्हणाल्या, “बेटा, रो क्यूँ रही हो?” तेव्हा मला कळलं की मी रडतेय.

मधुकाका, म्हणजे मधुकर खानझोडे, माझ्या नात्यातले नव्हते. त्यांचे वडील नागपूरच्या सरकारी कचेरीत कारकून होते. कचेरी भोपाळला हलली आणि मागोमाग बिऱ्हाडही आलं. काका इथेच जन्मले, इथेच शिकले आणि मंडीदीपच्या एका कारखान्यात फिटर म्हणून त्यांनी पस्तीस वर्षं काढली. मिसरोदला दोन खोल्या आणि वर गच्ची असं घर बांधलं. तरुणपणी ते गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे. गिटार पुढे कुणाला तरी देऊन टाकली, वेड मात्र ठेवून घेतलं. भोपाळात किंवा आसपास कुठेही उघड्या मैदानावर चार-पाच बँड वाजणार असले की इस्त्रीचा फुलशर्ट घालून, खिशाला पेन लावून हा माणूस हजर. टॅटूवाल्या, फाटक्या जीन्सवाल्या गर्दीत बँकेत पासबुक भरायला आल्यासारखे दिसायचे.

आमची ओळख अशाच एका मैदानाच्या गेटवर झाली. मी एकोणीस वर्षांची होते आणि कॉन्सर्टच्या पार्किंगसाठी झाडं तोडली म्हणून निषेधाचं पत्रक वाटत होते. लोक कागद घेत, पुढे जाऊन टाकत. काकांनी घेतला, बाजूला उभे राहून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि परत आणून दिला. “मुद्दा सही है. पर बेटा, हर लाइन के बाद चिल्लाने का निशान क्यों लगाया?” मी ओठातल्या ओठात पुटपुटले, “काय माणूस आहे!” ते माझ्या तोंडाकडेच बघत होते. लगेच म्हणाले, “नागपूरचा आहे. आत येऊन राहिली का? एक पास जास्तीचा आहे.” मी म्हटलं, मी निषेध करतेय. “मग आत येऊन कर ना. बाहेरून तुला काय समजणार, कशाचा करते ते?” मी चिडून आत गेले. दोन तासांनी घसा बसेपर्यंत गात होते.

मग त्यांनी रविवारी गच्चीवर बोलावलं. कॉन्सर्ट झाली की पुढच्या रविवारी सकाळी आठ वाजता काकांच्या गच्चीवर जमायचं, ही तिथली रीत. काकू पोहे पाठवायच्या, कोणीतरी जिलबी आणायचं, आणि गिटार दुरुस्तीचं दुकान असलेला इम्रान थर्मास भरून आपली भोपाळी, मीठ घातलेली चहा आणायचा. आम्ही सहा-सात जण असू. काकांनी प्रत्येकाला एकेक बँड आधीच वाटून दिलेला असायचा. ज्याचा बँड त्याने काकांच्या समोरच्या स्टुलावर बसायचं आणि काय ऐकलं ते सांगायचं. मधे कुणी बोलायचं नाही. आणि मत द्यायचं नाही! ‘भारी होतं’, ‘बंडल होतं’ म्हटलं की ते हातातलं पेन वर करायचे. “ते तुझ्याबद्दल झालं. गाण्याचं सांग. ड्रम कधी थांबला? मग काय आलं?” हा त्यांचा प्रश्न ठरलेला... मग काय आलं? आपण सांगत जायचं आणि ते दोनशे पानी वहीत लिहीत जायचे. पानाच्या डोक्यावर सांगणाऱ्याचं नाव, खाली गाणं.

मला ही परीक्षा वाटायची. आधी मी गुण मिळवायला जायची, मग भांडायला, आणि मग कधी नुसतीच जायला लागले ते आठवत नाही. इम्रानला तर ते मिशांवरून धारेवर धरायचे. “इम्रानमियाँ, मूँछें कटवाओ. सारे अल्फाज उसी में अटक जाते हैं.” इम्रान अस्सल भोपाळीत म्हणायचा, “को खां चचा, गाना सुन रिये हो के मूँछ देख रिये हो?” आम्ही सगळे हसायचो. काका जरा उशिरा हसायचे.

मैदानात उभं राहायची त्यांची पद्धतही ठरलेली होती. सगळ्यात पुढे, लोखंडी कठड्याला लागून. चपला काढून बाजूला ठेवायच्या, अनवाणी उभं राहायचं आणि उजवा तळहात कठड्याच्या पाइपवर घट्ट टेकवायचा. डोळे मिटलेले. मला तो भाविकपणा वाटायचा. एकदा म्हटलंही, “काका, देऊळ आहे का हे?” ते म्हणाले, “कारखान्यात बेअरिंग कुरकुरते का ते बघायला स्क्रूड्रायव्हरचं टोक मशिनीला लावतात आणि मूठ कानाला. लोखंड खोटं बोलत नाही, पोरी.” मला ते वाक्य इतकं आवडलं की पुढच्या पत्रकात मी वापरून टाकलं. त्याचा अर्थ मात्र मी विचारला नाही.

आमचं मोठं भांडण झालं ते कारखान्यांतल्या आवाजावरून. मशिनींच्या घरघरीत वर्षानुवर्षं काम करून बहिऱ्या झालेल्या कामगारांसाठी आम्ही मोहीम काढली होती. तपासणी करा, भरपाई द्या, कानाला लावायची साधनं द्या. मी मिसरोद आणि मंडीदीपच्या दारोदार फिरले, पत्रक मीच लिहिलं, आणि सही घ्यायला सगळ्यात आधी काकांकडे गेले. त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला, घडी घालून माझ्या हातात दिला. “चांगलं लिहिलं. पण माझं नाव नको.” मी विचारलं, का? “नको.” मग मी बोलले. पस्तीस वर्षं ज्यांच्याबरोबर डबा खाल्लात ते बहिरे झाले आणि तुम्ही गप्प बसता, तुम्ही मालकाचा माणूस आहात, तुमच्यासारख्यांमुळेच हे चालतं... सगळं बोलले. काका माझ्या ओठांकडे बघत राहिले. मी थांबल्यावर म्हणाले, “झालं? आता पोहे खा.” मी खाल्ले नाहीत. पुढच्या कॉन्सर्टपर्यंत गेलेच नाही. मग त्यांचाच मेसेज आला, ‘दुसरा बँड तुझा. ये.’ मी गेले. माफी मागितली नाही, त्यांनीही विषय काढला नाही.

शेवटची कॉन्सर्ट फेब्रुवारीतली, मिसरोदच्या पुढच्या मैदानावरची. पाच बँड होते. काका थकलेले दिसत होते, खोकत होते, पण फुलशर्ट होता, पेन होतं, चपला बाजूला होत्या. शेवटचा बँड ईशान्येकडून आलेला, चार मुली. त्यांचं शेवटचं गाणं निम्म्यावर आलं आणि जनरेटर बंद पडला. दिवे गेले, स्पीकर गेले, सगळं एका फटक्यात. गर्दीतून एक ‘ओऽऽ’ उठला. आणि मग जे झालं त्याने मी कठड्याशी उभी राहून ढसाढसा रडले. रेटारेटीत काका माझ्या मागे आले होते, हात मात्र माझ्या बाजूने पाइपवरच होता. त्यांनी डोळे उघडले होते. पाइपवरचा हात उचलून परत ठेवला, परत उचलला. माझा दंड धरला आणि विचारलं, “काय चालू आहे?” मी त्यांच्याकडे न बघता, स्टेजकडेच तोंड ठेवून म्हटलं, “नंतर सांगते काका, नंतर!” त्यांनी दुसऱ्यांदा दंड दाबला. मी हात सोडवून घेतला.

त्या रविवारी गच्चीवर ते म्हणाले, “शेवटचं गाणं केतकीचं.” वही उघडून, माझं नाव लिहून बसले. आणि मी स्टुलावर बसायच्या ऐवजी उभी राहिले. मी आयोजकांवर बोलले. दुसरा जनरेटर का नव्हता, अंधारात चेंगराचेंगरी झाली असती तर जबाबदार कोण, पुढची सोफ्यांची रांग कुणासाठी, बायकांसाठी संडास का नव्हते, प्रथमोपचाराचा तंबू कुठे होता. खरं होतं सगळं. आजही शब्द मागे घेत नाही. इम्रानने टाळी वाजवली, “वाह नेताजी!” बाकीच्यांनीही वाजवली. काकांनी पेनाला टोपण लावलं. “आणि गाणं?” मी घड्याळ बघत म्हटलं, “छान होतं हो काका. मला मीटिंगला जायचंय, पुढच्या रविवारी सांगते.” पुढच्या रविवारी आमचा मोर्चा होता, म्हणून गाणं त्याच्या पुढच्या रविवारवर ढकललं. मोर्चानंतरच्या गुरुवारी सकाळी काका अंघोळीचं पाणी काढता काढता बसले, ते उठलेच नाहीत.

तेरावा झाल्यावर मी काकूंकडे गेले. भेटायला येणाऱ्यांची वर्दळ थांबली होती. काकू टीव्हीसमोर बसल्या होत्या, आवाज बंद, खाली नुसत्या ओळी धावत होत्या. मी म्हटलं, आवाज लावू का? “राहू दे. सवय झाली. चार-पाच वर्षं असाच लागतो आमच्याकडे.” मला समजलं नाही. काकू उठून कपाटाच्या खणातून एक छोटी डबी घेऊन आल्या. आत कानाचं यंत्र होतं, नव्यासारखं. “याने गर्दीत नुसती शिट्टी ऐकू येते म्हणायचे. उजव्या कानाने काहीच येत नव्हतं, ग. डाव्याने थोडं. ते पण समोरचा तोंडाकडे बघून बोलला तर.”

मी बहिरेपणावर पत्रक लिहिलं. दारोदार फिरून बहिरी माणसं शोधली. आणि ज्यांच्यासमोर सात वर्षं स्टुलावर बसले त्यांना ओळखलं नाही. मिशा, पेन, ‘मधे बोलू नका’, उशिरा येणारं हसू... सगळं समोर होतं. हातात कागद असला की मला माणूस दिसत नाही, हे कुणी मला आधी सांगितलं असतं तर मी त्याच्यावरही पत्रक काढलं असतं.

मी काकूंना विचारलं, “मला का नाही सांगितलं?”

“सांगणार होते. सहीच्या दिवशी. मग म्हणाले, सांगितलं तर पोरगी मला गाणं सांगायची नाही, भाषण द्यायची.” काकू थोडं हसल्या. “रागावले नव्हते हो तुझ्यावर. म्हणायचे, बाकीचे गाणं सांगतात तसं ऐकू येतं, केतकी सांगते तसं दिसतं. फक्त तिला खाली बसवावं लागतं.”

मग त्यांनी वही दिली. पानापानांवर आम्ही होतो. इम्रान, मी, बाकीचे. ‘ड्रम थांबला. मग एकच तार, लांब. मग मुलगी हसली, माइकमध्ये ऐकू आलं. मग सगळे एकदम.’ त्यांच्या तिरक्या, फिटरच्या अक्षरात आमचेच शब्द. त्यांनी पाहिलेल्या कॉन्सर्टमधलं जे कठड्यातून हाताला लागत नव्हतं, ते सगळं या वहीत होतं. शेवटच्या पानावर वर लिहिलं होतं, ‘केतकी. शेवटचं गाणं. लाइट गेल्यावर.’ खाली काही नाही.

परवाच्या रविवारी आम्ही पुन्हा गच्चीवर जमलो. काकूंचे गुडघे दुखतात, त्या कधी वर येत नसत. इम्रानने आणि मी धरून आणलं. त्या काकांच्या खुर्चीत बसल्या, वही मांडीवर घेतली, त्यांचंच पेन काढलं. इम्रानने चहा ओतली. त्याने मिशा कापल्या होत्या.  मी चपला काढल्या आणि स्टुलावर बसले, तोंड समोर ठेवून.

सांगितलं... की स्पीकर गेले तेव्हा गाणारी मुलगी क्षणभर माइककडे बघत राहिली. मग तिने माइक खाली ठेवला, स्टेजच्या अगदी कडेला येऊन बसली, पाय खाली सोडले आणि नुसत्या गळ्याने तीच ओळ पुन्हा धरली. पुढच्या पंधरा-वीस माणसांनाच ऐकू येत होती. त्यांनी ती मागच्यांसाठी म्हटली, हळू, अर्थ माहीत नसताना. मग त्यांच्या मागच्यांनी. मागे जाता जाता ओळ उशिरा होत गेली, म्हणजे मैदानाच्या शेवटाला ती पोचायची तेव्हा ती मुलगी पुढची ओळ गात असायची. काका, कुणीच ओरडत नव्हतं. प्रत्येक जण आपल्या मागच्याला ऐकू जाईल एवढंच गात होता. आणि मी...

इथे मी थांबले. कठड्याशी माझ्या मागे कोण उभं होतं ते मला माहीत होतं, आणि समोर बसलेल्या सगळ्यांनाही.

काकू लिहीत होत्या.  पान निम्मं भरलं होतं. त्यांनी पेन उचललं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं,

“मग काय आलं?”