दुसऱ्या कुणाच्या मापाचा स्वेटर

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते लोकरीचा गुंडा करायचं. मी दिवाणावर दोन्ही हात पुढे करून बसलेलो, हातांवर राखाडी लोकरीची लडी, आणि बायको समोर स्टुलावर बसून गुंडाळत होती. मधेच म्हणाली, हात खाली पाडू नका, गुंता होतो. मी म्हटलं, हात दुखतात. ती म्हणाली, बसून बसून दुखतात. एवढंच बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी भांडी घासायला उभी राहिली आणि ओट्यापाशीच खाली बसली, ती उठली नाही.

त्या राखाडी लोकरीवर माझा तेव्हाच संशय होता.

टिटवाळ्यात आलो त्या पहिल्या थंडीत तिने माझ्यासाठी तपकिरी स्वेटर सुयांवर घेतलेला. आधीच्या वर्तकनगरच्या खोलीत स्वेटर कधी लागला नाही, इथे नदीकडून वारा येतो. पाठ झाली, पुढचा भाग झाला, एक बाही झाली. मग थांबला. विचारलं की म्हणायची, होईल हो. पुढे एक दिवस तो पिशवीसकट दिवाणाखाली गेला, दिवाळीच्या डब्यांमागे, आणि हिच्या सुयांवर राखाडी लोकर आली.

एक काम अर्धं टाकून माणूस दुसरं घेतं, तेव्हा त्याला काहीतरी कारण असतं. मी चौथी शिकलेला, पण कंपनीत फिटर होतो, मापात मला कोणी फसवत नाही. ती आंघोळीला गेली तेव्हा तपकिरी बाहेर काढला आणि राखाडी पाठ त्यावर ठेवून बघितली. रुंदीला चार बोटं कमी. म्हणजे माझा नाही.

मूलबाळ आम्हाला नाही. एवढ्या मापाचा घरचा माणूस एकच, विठ्ठलवाडीचा माझा धाकटा भाऊ, अगदी काडी. त्याच्याशी मी बोलणं टाकलेलं, पण ही माझ्यामागे त्याला फोन करायची ते मला ठाऊक होतं. तिला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ती खोटं बोलली असती, आणि मग मला गप्प बसवलं नसतं.

दहाव्याला भाऊ आला, रडला. मी त्याच्या छातीकडे बघत होतो. माणसं पांगल्यावर सरळच विचारलं, "तुला स्वेटर विणत होती का रे ती?"

"मला? दादा, वहिनी फोनवर फक्त तुझंच बोलायची."

"काय बोलायची?"

तो खाली बघायला लागला. माझा संशय वाढला.

तेराव्यानंतर खालच्या मजल्यावरची बाई आली. ह्या दोघी दुपारी एकत्र विणायला बसायच्या. म्हणाली, सुया माझ्या आहेत. मला वाटलं, सुयांचं निमित्त करून विणकाम भावाकडे पोचवायला निघाली. म्हटलं, सुया काढून न्या, लोकर इथेच राहील. ती म्हणाली, सुया काढल्या तर टाके सुटतील. सुटू देत, म्हटलं, ज्याचा आहे त्याला वाजू दे थंडी.

ती म्हणाली, "काका, तो तुमचाच आहे."

"मला नका शिकवू. चार बोटं कमी आहे तो."

"चार बोटं तुम्ही कमी झालात. काकू तुमच्या पाठीला तेल लावायच्या ना, तेव्हा वीत घालून माप घ्यायच्या. जुना उसवायला काढला असता तर तुम्ही विचारलं असतं, का म्हणून."

मग तिने सगळंच सांगितलं. मी पट्ट्याला खिळ्याने दोनदा नवं भोक पाडलं ते हिने बघितलेलं. दवाखान्याचं नाव काढलं की मी ताटावरून उठतो, म्हणून तोंडावर बोलली नाही. आधी नवा स्वेटर अंगात घालायचा आणि मग डॉक्टरकडे न्यायचं, असं हिने ठरवलेलं. सोबत यायला भावाला सांगून ठेवलेलं.

तरी मला पटेना. बाया एकमेकींना सांभाळून घेतात. ती रिकाम्या हाताने खाली गेली तसं दार लावलं, सदरा काढला आणि कपाटाच्या आरशासमोर राखाडी पाठ छातीवर धरली. या बगलेपासून त्या बगलेपर्यंत, कुठे कमी नव्हती. मग तपकिरी डोक्यातून घातला. एका बाहीचा तो स्वेटर माझ्या अंगावर दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा लोंबत होता. रोज तेल लावणाऱ्या बाईवर मी पाळत ठेवलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेलो आणि राखाडी विणकाम सुयांसकट आणि सोबत तपकिरी स्वेटर त्या बाईच्या हातात दिला. म्हटलं, पुरा करा, पण बाह्या जुन्यावरून घ्या, हात काही आखूड झालेले नाहीत. तिथेच जिन्यात उभा राहून भावाला फोन लावला, कल्याण स्टेशनला ये म्हटलं. चहा घेतला नव्हता. रक्त तपासायला उपाशीपोटी जावं लागतं.