पद: टेस्टर, नातं: मावशी

ती कंपनी सोडून वर्ष होत आलं. तरी आम्ही जुने लोक मनवेलपाड्याच्या टपरीवर जमलो की चहा यायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "ए, ते आठवतंय का?" मग एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा किस्सा. सगळे पोट धरून हसतात. मीही हसते, पण रिक्षात बसेपर्यंत माझं डोकं पुन्हा तापलेलं असतं. कारण तेव्हा त्यात हसण्यासारखं काहीही नव्हतं!

आमचं स्टार्टअप विरारच्या फुलपाड्याला, एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या टू बीएचकेमध्ये होतं. सोसायटीचा नियम एकदम साधा: फ्लॅट राहायला, ऑफिस चालणार नाही. आमचा फाउंडर निरंजन आतल्या बेडरूममध्ये राहायचा आणि उरलेल्या घरात आम्ही अकरा जण लॅपटॉप घेऊन बसायचो. म्हणजे सोसायटीच्या लेखी आम्ही अकराही जण त्याचे नातेवाईक!

पहिल्या दिवशी निरंजनने मला लॅपटॉपच्या आधी एक एक्सेल शीट दाखवली. तीन रकाने: नाव, पद, नातं. माझ्या ओळीत लिहिलं होतं, "टेस्टर, मावशी."

मी त्याच्याहून फक्त तीन वर्षांनी मोठी. म्हटलं, "अरे, निदान बहीण तरी कर!"

"बहिणी ऑलरेडी दोन झाल्यात," तो शांतपणे म्हणाला. "तिसरी झाली की लोकांना डाउट येतो."

*

सपोर्टचं काम प्रीती बघायची. वय अठ्ठावीस, गळ्यात मंगळसूत्र. तिच्या ओळीत निरंजनने सरळ "पत्नी" टाकलं होतं.

ती भडकली. "माझा नवरा वापीला नोकरीला आहे. त्याला काय सांगू?"

"तो या सोसायटीत राहतो का? नाही ना? मग विषय संपला."

प्रीतीने गिळलं, कारण तिला ही नोकरी हवीच होती. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. दुपारी दहा मिनिटांत घरी जाऊन त्यांना भरवून परत येता येईल, अशी दुसरी नोकरी विरारमध्ये तिला कुठे मिळणार? निरंजनला हे पक्कं माहीत होतं. कोणी आवाज चढवला की त्याचं एकच वाक्य ठरलेलं: "लोकलला लटकत अंधेरीला जायचंय का? जा ना!" या वाक्यासाठी मी त्याला कधीच माफ करणार नाही.

*

सोसायटीचे सेक्रेटरी पाटीलकाका जिना चढताना दिसले की आमच्या ग्रुपवर "पाहुणे" असा मेसेज यायचा. मग लॅपटॉप पलंगाखाली, व्हाइटबोर्ड भिंतीकडे तोंड करून, टीव्ही चालू. एकीने कुकरला शिट्ट्या काढायच्या. त्यात नुसतं पाणी!

एकदा मंगळवारी सकाळी अकरा वाजता काका आत आले. अकरा धडधाकट माणसं एका ओळीत बसून गाजर हलव्याची रेसिपी बघत होती. काकांनी बोटाने एकेक डोकं मोजलं.

"निरंजन, तुमच्याकडे कोणीच कामाला जात नाही का रे?"

"सगळ्यांचं वर्क फ्रॉम होम आहे, काका!"

साहेबांच्या तोंडून निघालेलं तेवढं एक वाक्य खरं होतं.

*

आणि आमचं अ‍ॅप कसलं होतं माहितीये? सोसायटीच्या गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवायचं! माणिकपूरच्या एका सोसायटीत डेमोला निरंजन मला घेऊन गेला. तिथे छातीवर हात ठेवून म्हणाला, "शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण येतंय, हे कळणं तुमचा हक्क आहे!"

टाळ्या पडल्या. मी जमिनीकडे बघत उभी राहिले. लाज मला वाटत होती, त्याला नाही.

*

आमचा डेव्हलपर डॉमनिक वसईच्या किनाऱ्यावरच्या गावातला. शीटमध्ये त्याचं नाव दिनेश, नातं चुलतभाऊ. राखेच्या बुधवारी तो चर्चमध्ये सकाळची मिस्सा करून थेट ऑफिसला आला. कपाळावर राखेचा क्रूस तसाच.

निरंजन दारातच ओरडला, "पूस ते! लिफ्टमध्ये कोणी बघितलं असतं तर?"

डॉमनिक कधी वर मान करून बोलायचा नाही. त्या दिवशी बोलला. "नाव तू काढून घेतलंस, मी गप्प बसलो. कपाळ नाय देनार."

आणि दिवसभर हॉलमधल्या खिडकीपाशी, सगळ्यांना दिसेल असा बसून त्याने काम केलं. आम्ही दहा जणांनी मान खाली घालून टायपिंग चालू ठेवलं. त्याबद्दल मला आजही राग येतो, स्वतःचा.

*

माझ्या सख्ख्या भाच्याचं लग्न होतं. दोन दिवस रजा मागितली.

निरंजन दुखावल्यासारखा म्हणाला, "रिलीज तोंडावर आलंय. अशा वेळी कोणी फॅमिलीला सोडून जातं का?"

"अरे, मी त्याची खरी मावशी आहे!"

"मग अर्धा दिवस घे."

*

आता शेवटचा किस्सा. हा मी कोणालाही, कितीही वेळा सांगायला तयार आहे.

प्रीतीने ऑफिसात सांगितलं की तिला दिवस गेलेत, चौथा महिना लागलाय. निरंजनने पेढे वाटले. ग्रुपवर लिहिलं, "आपली फॅमिली वाढतेय!" चार दिवसांनी तिला आत बोलावून म्हणाला, "तुझ्या तब्येतीसाठीच सांगतोय, उद्यापासून येऊ नकोस." तिने ते लेखी मागितलं. तर म्हणतो, "घरच्या माणसांत कागद कसले?"

तिने कॉफीचा मग, उशी, चपला असं सगळं एका मोठ्या पिशवीत भरलं. दुसरी पिशवी घेऊन मी तिच्याबरोबर खाली उतरले. कंपाउंडमध्ये पाटीलकाका, काकू आणि पाच-सहा बायका टँकरची वाट बघत उभ्या होत्या.

"काय गं सूनबाई, माहेरी निघालीस?" काकांनी विचारलं.

प्रीती थांबली.

"नाही काका. निरंजन म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस. चौथा महिना लागलाय मला."

एकही शब्द खोटा नव्हता!

पाटीलकाकूंनी हातातली बादली खाली ठेवली. पुढे काकू, मागे बायका, त्यांच्या मागे काका आणि सगळ्यात शेवटी आम्ही दोघी, अशी वरात तीन मजले चढून गेली. निरंजनने दार उघडलं. पाठीमागे दहा लॅपटॉप उघडे. पण त्यांच्याकडे बघायला वेळ कोणाला होता?

"लाज नाही वाटत? पोटुशी बाई घराबाहेर काढतोस?" काकू कडाडल्या.

"काकू, ती माझी... म्हणजे तसं नाहीये..."

"मग कसं आहे? सांग!"

त्याने मागच्या उघड्या लॅपटॉपकडे बघितलं. शेवटी हात जोडले. "प्रीती, चुकलो. आत ये."

प्रीती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "आधी लेखी दे. बाळंतपणाची सहा महिने रजा. पगार चालू. आणि परत आल्यावर माझी जागा मला. खाली सही."

काकूंनी एकदा प्रीतीकडे बघितलं, एकदा निरंजनकडे. मग मागे वळून पाटीलकाकांकडे चांगलं निरखून बघितलं.

"घे बाई, लेखीच घे," त्या म्हणाल्या. "आम्ही नाही घेतलं!"