आईच्या उजव्या कानातलं तेल

वडील गेल्यावर मी आईला पाचोडहून शहरात, माझ्या दोन खोल्यांच्या घरात आणलं. येताना तिची झोप तिकडंच राहिली. दोन महिने झाले तरी बाई झोपेना. सकाळी मी उठायचे तेव्हा ती भिंतीला टेकून बसलेली असायची, अंथरुणाची घडी जशीच्या तशी. "झोपलीस का?" विचारलं की म्हणायची, "डोळं मिटून पाहिलं. काय नाय."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या घेऊन झोप आली नाही, तोल मात्र गेला. मोरीत दोनदा पडता पडता वाचली, तेव्हा डॉक्टरांनीच त्या बंद केल्या. मग मी जायफळ उगाळून दुधातून दिलं, खसखशीची खीर केली, काशाच्या वाटीनं तळपायाला तूप घासलं. काही उपयोग नाही. माझा जीव नुसता मेटाकुटीला आला होता. आईची काळजी होती हे खरं, पण तिच्यापेक्षा मला माझी दया येत होती हे जास्त खरं. मी शाळेत शिकवायचे. फळ्याकडं तोंड करून उभी असताना माझे डोळे मिटायचे, मग मुलांवर खेकसायचे. घरी येऊन आईवर. तिचा डावा कान लहानपणी गोवरात गेलेला, जे काही ऐकू यायचं ते उजव्यानंच. त्यामुळं तिच्यावर ओरडणं फार सोयीचं होतं. ऐकू यावं म्हणून मोठ्यानं बोलतेय, असं शेजारच्यांना वाटायचं.

त्या एका कानावर तिचं सगळं चाललं होतं. इथं तिच्या ओळखीचं कुणी नव्हतं. रोज दुपारी गावाहून मावशीचा फोन यायचा. मोबाईल उजव्या कानाला घट्ट दाबून आई अर्धा तास बसायची. कुणाची म्हैस व्याली, बाजारात मिरची काय भावानं गेली, कोणत्या सुनेनं कुणाला काय ऐकवलं. तेवढा वेळ ती हसायचीसुद्धा.

शाळेतल्या एका बाईंनी लॅव्हेंडरच्या तेलाचं नाव काढलं. "त्याच्या वासानं माझ्या सासूबाईंना शांत वाटतं," म्हणाल्या. बुडत्याला काडीचा आधार. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर रिक्षानं औरंगपुऱ्यापर्यंत गेले आणि तिथून चालत पुढच्या गल्लीतल्या अत्तराच्या दुकानात. दुकानदार म्हातारे होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. कुणासाठी हवंय ते त्यांनी आधी विचारलं.

"अम्मा के वास्ते? तो सुनो बाई. ये अत्तर नै है. अत्तर कान के पीछे लगाते, कपड़े पे लगाते. ये खालिस रूह है, एकदम तेज अर्क. सीधा चमड़ी पे नक्को लगाओ."

मग त्यांनी बाटली हातातच धरून मला सगळं सांगितलं. रुमालावर दोन थेंब टाकायचे आणि रुमाल उशीपासून हातभर लांब ठेवायचा. अंगाला लावायचं तर चमचाभर खोबरेलात एखादा थेंब, तोही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबायचं. खाज सुटली, लाल झालं, तर नाद सोडायचा. डोळ्यात, कानात, तोंडात जाऊ द्यायचं नाही. पोटात तर कधीच नाही. वासानं डोकं दुखायला लागलं तर खिडकी उघडायची.

"और नींद आती बी, नै बी आती," चाचा म्हणाले. "बेचनेवाला मैं हूँ, पर झूट कायकू बोलूँ?"

मी हो हो करत होते आणि मान वळवून रिकामी रिक्षा दिसते का बघत होते.

घरी आल्यावर बाटली आईला दाखवली. "हे झोपेचं तेल आहे," एवढंच म्हणाले. बाकीचं सांगायचं तर तिच्या कानाशी तोंड नेऊन, तीन-तीनदा ओरडून सांगावं लागलं असतं. मला कंटाळा आला. मीच रुमालावर दोन थेंब टाकून तिच्या उशाशी ठेवला. सकाळी म्हणाली, "झोप नाय आली, पण लवंडून ऱ्हावं वाटलं." मला इतका आनंद झाला की डोळ्यात पाणी आलं. बाटली फळीवर ठेवून मी शाळेत गेले.

आमच्या घरात तेल म्हटलं की त्याच्या जागा ठरलेल्या. टाळू, बेंबी, तळपाय आणि कान. लहानपणी दर शनिवारी न्हाण्याआधी आई आम्हाला मांडीवर आडवं करून कानात कोमट तेल सोडायची आणि वर कापसाचा बोळा. डोक्यातली उष्णता उतरवायची तर औषध कानातूनच गेलं पाहिजे, यावर तिचा देवाइतका विश्वास. नुसत्या वासानं लवंडावंसं वाटलं, तर तेल आत गेल्यावर झोप का येणार नाही? आणि डाव्या मेलेल्या कानात घालून काय फायदा, म्हणून तिनं ते उजव्यात घातलं.

दुपारी मी आले तेव्हा ती जमिनीवर बसून दोन्ही हातांनी उजवा कान दाबत होती. शेजारी बाटली, निम्मी झालेली.

"आग व्हतीय गं माय, आग!"

"किती घातलंस? कधी घातलंस?" मी ओरडले. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी पुन्हा ओरडले.

"तू बोलतीस का?" ती म्हणाली. "मला काय बी आयकू येत नाय."

तेवढ्यात तिच्या गुडघ्याजवळ पडलेला मोबाईल वाजायला लागला. मावशीचा फोन होता. आईनं तिकडं पाहिलंही नाही.

कानाच्या डॉक्टरांनी कान साफ केला. आतली कातडी भाजल्यासारखी सुजली होती, पडदा दिसत नव्हता. ऐकू कितपत येईल ते सूज उतरल्यावरच कळेल, म्हणाले. सूज उतरायला तीन आठवडे लागले, आणि त्यानंतर समोर बसून मोठ्यानं बोललेलं तिला थोडंफार कळायचं. फोनवरचं कधीच कळलं नाही. पण ते सगळं नंतरचं.

त्या दिवशी डॉक्टर बाटली टेबलावर आपटून माझ्यावर चिडले. "हे कानात घालायचं नसतं, एवढं कुणी सांगितलं नव्हतं का यांना?"

आईला एक शब्दही ऐकू गेला नव्हता. पण तिनं डॉक्टरांचा चेहरा पाहिला, बाटली पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं. आणि बहिरी माणसं बोलतात तशी मोठ्यांदा बोलायला लागली.

"तिला काय बोलू नका डाक्टरसाहेब. तिनं लई बजावून सांगितलं व्हतं. मीच येडी, म्याच घातलं."

डॉक्टर माझ्याकडं बघत होते. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि आईला ते ऐकूही आलं नसतं.

"हो," मी म्हणाले. "सांगितलं होतं."