पाठीमागचे तीन चिमटे

सन दोन हजार चोवीस. माझं वय सहासष्ट. कंत्राटदाराच्या कागदावर सत्तावन्न.

दुपारचे तीन वाजले होते. कंपनीतल्या काचेच्या खोलीत मी उभा होतो. अंगात कंपनीचा निळा टी-शर्ट. छातीवर डाव्या अंगाला कंपनीचं नाव, दोऱ्यानं भरलेलं. माझा फोटो काढून झाला होता, व्हिडिओ झाला होता. कॅमेरावाला वायरी गुंडाळत होता. एचआरच्या मॅडम मोबाइलमध्ये बघत म्हणाल्या, "काका, टी-शर्ट काढून द्या हं. तो एम्प्लॉयींचा आहे."

मी म्हणलं, "आत्ता?"

"हो, आत्ताच. याचा फोटो राहिलाय. एक्सएलमध्ये तेवढा एकच उरलाय."

दारात एक पोरगा उभा होता. त्याच दिवशी सकाळी कामाला लागलेला. मी तिथं अकरा वर्षं.

मी टी-शर्ट डोक्यावरून ओढला. पाठीमागं चिमटे आहेत हे ध्यानातच नव्हतं. टी-शर्ट माझ्या अंगाला ढगळ व्हायला लागला, म्हणून मॅडमनीच टेबलावरचे, कागदाला लावायचे तीन काळे चिमटे घेतले होते आणि मागून तो आवळला होता. समोरून बघणाऱ्याला वाटावं, माप घेऊन शिवलाय. एक चिमटा पाठीवर ओरखडा काढून गेला. दोन खाली पडले. मी वाकून उचलले. तिन्ही टेबलावर ठेवले. अंगावर बनियन. काखेत फाटलेला.

पोरानं टी-शर्ट दोन बोटांत धरला आणि मान जराशी मागं घेतली. म्हणाला, "मॅम, उद्या चालेल का? वॉश करून घालतो."

"काका आणतील की धुऊन. आणाल ना काका? आणि तोवर घाला परत. असे काय उभे राहिलात."

"नाय," मी म्हणलं. "आता नाय घालत."

टी-शर्टाची घडी घातली. काखेत धरली, फाटलेलं झाकलं. माझा राखाडी सदरा खाली, जिन्याखालच्या बॅटऱ्यांच्या खोलीत होता. तिथवर जायला अख्खा मजला ओलांडावा लागतो. एकशे चाळीस टेबलं. मी मधून चालत गेलो, बनियनवर. सगळ्यांच्या कानाला डबडी लावलेली, डोळे पडद्यात. एकानंही मान वर केली नाही.

कुणी हसलं असतं तरी बरं वाटलं असतं.

माझं शिक्षण चौथी. पैठण तालुक्यातलं माझं गाव. पाचोडच्या बाजाराला पायी जायचो तेवढ्या अंतरावर. जवान होतो तेव्हा चिकलठाणा एमआयडीसीत एका कारखान्यात लागलो. पत्रा दाबायच्या मशीनवर. बावीस वर्षं. तिथं शिव्या खाल्ल्या, डाव्या हाताचं एक पेर मशीननं खाल्लं. पण माझा टोकन नंबर होता, चारशे सतरा. वर्षाला दोन खाकी ड्रेस मिळायचे. टेलर येऊन माप घ्यायचा. छाती किती, बाही किती, विचारायचा. तो ड्रेस माझा होता. कुणी काढून दे म्हणलं नाही. कारखाना बंद पडला तेव्हासुद्धा नाही.

मग बरीच वर्षं इकडंतिकडं. बायको गेली. पोरगी दिली पाचोडलाच. मी हर्सूलला एक खोली घेऊन राहिलो. पंचावन्न वर्षांचा असताना कंत्राटदारानं या सॉफ्टवेअर कंपनीत लावलं. त्याच एमआयडीसीत, माझ्या जुन्या कारखान्यापासून दोन गल्ल्या सोडून. कंत्राटदारानं कागदावर वय नऊ वर्षांनी कमी लिहिलं. म्हणाला, म्हाताऱ्याला घेत नाहीत. मी गप्प बसलो. ती चूक माझी. ती मी लपवणार नाही.

काम काय, तर चहा-कॉफी देणं, टेबलं पुसणं, झाडांना पाणी. यायचं-जायचं मागच्या जिन्यानं, जनरेटरजवळून. पुढचं दार कार्डवाल्यांचं. माणूस चहासाठी हाकसुद्धा मारत नाही तिथं. कंपनीनं दिलेला मोबाइल वाजतो, त्यावर आकडा येतो. चौदा नंबर, काळी कॉफी. मी नेऊन ठेवतो. चौदा नंबर बघत नाही. मी कप उचलतो. तरी बघत नाही. सगळी चांगल्या घरची पोरंपोरी. उर्मट म्हणावं तर तेही नाही. त्यांना मी दिसतच नव्हतो, त्याला काय म्हणावं, मला माहीत नाही. डबा मी बॅटऱ्यांच्या खोलीत खायचो. बॅटऱ्या घूं करतात सारख्या. अकरा वर्षं त्या आवाजाबरोबर जेवलो.

बोलणारा एकच. पुढच्या दारावरचा रखवालदार, रफिकभाई. तोही कंत्राटीच. पण त्याची जागा पुढं आणि माझी मागं. जाता-येता गाठ पडली तर दोन शब्द.

म्हणून मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "काका, वेबसाइटवर आपल्या लोकांचे अनुभव टाकायचेत. तुम्हीही सांगा. मनातलं सांगा," तेव्हा मला लई बरं वाटलं. हे खोटं बोलत नाही. आपल्या लोकांचे म्हणाल्या. टी-शर्ट घातला तेव्हा मी छातीवरून हात फिरवला होता. चिमटे लावू दिले. एक इंग्रजी कागद पुढं केला, त्यावर सही केली. अंगठा नाही, सही. ती मला मोत्यासारखी येते.

कॅमेऱ्यापुढं मी वीस मिनिटं बोललो. कुणी माझं इतका वेळ ऐकलं नव्हतं. लॉकडाऊनचं सांगितलं. सगळे घरून काम करायला गेले, बस बंद झाल्या आणि रात्रंदिवस इमारतीत राहिलो मी आणि रफिकभाई. तो खाली, मी वर. एकशे चाळीस खुर्च्या रिकाम्या. मी रोज टेबलं पुसायचो. कुणी सांगितलं नव्हतं. पण धूळ दिसली की हात जायचा. एका पोरीचा फोन आला होता, "काका, माझ्या टेबलावरचं झाड जिवंत आहे का हो?" मी म्हणलं, आहे, नवं पान फुटलंय. तिनं आभार मानले आणि फोन ठेवला. मी फोन कानाला तसाच धरून बसलो. मला वाटलं, अजून काहीतरी विचारेल. माझं विचारेल.

तेही मी कॅमेऱ्याला सांगितलं. आणि म्हणलं, "त्या दिवसांत हेच माझं घर होतं, कारण दुसरीकडं जायला रस्ता नव्हता. पण ज्या घरात माणूस बॅटऱ्यांजवळ बसून जेवतो, त्याला घर कसं म्हणावं." कॅमेरावाला मान हलवत होता. मला वाटलं, पोचलं.

त्यानंतर अर्ध्या घटकेत मी बनियनवर उभा होतो.

संध्याकाळी टी-शर्ट घरी नेला. बादलीत भिजवला, साबण लावला, गल्लीत दोरीवर टाकला. शेजारची सुमनबाई म्हणाली, "आबा, कंपनीनं ड्रेस दिला वाटतं. छान आहे रंग."

मी म्हणलं, "व्हय. दिला."

खोलीत जाऊन बसलो. या वयात, एका कापडासाठी, शेजारणीशी खोटं बोललो. दुसऱ्या दिवशी तो इस्त्री करून मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्या कानाला फोन लावून होत्या, बोटानं दाखवलं, तिथं ठेवा.

दीड महिना गेला. एक दिवस कागदात गुंडाळलेले मोठे बोर्ड आले. ठोकणाऱ्याची शिडी मी धरली. पुढच्या दारानं आत आलं की डाव्या हाताची भिंत. सहा बोर्ड. पाच जणांच्या तोंडाखाली नाव, आडनाव, हुद्दा. सहावा कागद फाडला, तर मी. निळ्या टी-शर्टात, हसणारा. खाली मोठ्या अक्षरात: "हेच माझं घर." त्याखाली बारीक: "आपले लाडके काका."

माझं नाव नव्हतं. मी आठवून बघितलं, अकरा वर्षांत मला तिथं कुणी नाव विचारलं होतं का. नाही विचारलं.

बोर्डांच्या बाजूला टीव्ही होता. त्यात मी बोलत होतो. हेच माझं घर होतं, एवढं म्हणून मी थांबतो आणि गाणं सुरू होतं. पुन्हा दुसरा, तिसरा, आणि फिरून मी. दिवसभर. पुढचं सगळं कापलेलं.

रफिकभाई म्हणाला, "क्या चचा, हीरो बन गये. अब तो हमको भूल जाओगे."

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्याची थट्टा तिथंच राहिली.

मी मॅडमकडं गेलो. उभाच राहिलो.

"मॅडम, मी असं बोललो नव्हतो."

"अहो काका, तुमचाच आवाज आहे."

"आवाज माझा. पुढचं कापलं तुम्ही."

"लांब झालं असतं. लोक अर्ध्या मिनिटाच्या वर बघत नाहीत."

"मंग काढून टाका. फोटो पण."

आता त्यांनी मान वर केली. राग नव्हता तोंडावर. नवल होतं. "काका, तुम्हाला अभिमान वाटायला हवा. किती जणांचा लागतो फोटो? आणि तुम्ही सही केली आहे. आता तो कंपनीचा झाला."

टी-शर्ट एम्प्लॉयींचा. फोटो कंपनीचा. माझं काय, हे मी विचारलं नाही. मी विचारलं, "माझं नाव काय आहे?"

"काय?"

"माझं नाव. सांगा."

त्या हसल्या. मग हसणं थांबलं. मग त्यांनी संगणकात बघायला सुरुवात केली. मी थांबलो. कंत्राटी माणसांची नावं त्या यादीत नसतात. ते त्यांना मी उभा असतानाच कळलं.

"मी विचारून सांगते," त्या म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी सिटी बसमध्ये असताना कंत्राटदाराचा फोन आला. "बाबा, काय लावलंय? इतकं चांगलं तोंड लागलंय भिंतीवर, गप राहा की. नाहीतर तुमचं खरं वय सांगावं लागेल कंपनीला. मंग कोण ठेवणार तुम्हाला?"

मी म्हणलं, "सांगा."

"बाबा, विचार करा. घरी बसून काय करणार?"

त्याचं खरं होतं. घरी कुणी नाही. बॅटऱ्यांचा का होईना, आवाज होता. ते सुटलं तर दिवस कसा जाईल, हे मला त्या बसमध्ये स्पष्ट दिसत होतं. भीती वाटली, ती लिहितो. पण भिंतीवरचा तो माणूस रोज, येणाऱ्या प्रत्येकाला खोटं सांगत होता, माझ्या तोंडानं. समोरून मापाचा. त्याच्या पाठीचे चिमटे कुणाला दिसणार नव्हते. मी एकटाच ते जाणत होतो, आणि मी गप्प बसलो तर तेही माझ्याबरोबर जाणार होतं.

शेजारी गेलो. सुमनबाईला म्हणलं, "तो निळा ड्रेस माझा नव्हता. धुवायला दिलता." ती म्हणाली, "बरं आबा." तिला त्याचं काही नव्हतं. मला होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीतला खाकी ड्रेस काढला. खिशावर चारशे सतरा. वीस वर्षांत अंग आटलंय, ढगळ झाला. तसाच घातला. मागून आवळला नाही. साडेनऊला, सगळे यायच्या वेळेला, मी पुढच्या दारानं आत गेलो.

रफिकभाई उठून उभा राहिला. "चचा, इधर से? पीछे का गेट बंद है क्या?"

"चालू आहे. पाहुण्यांची वही द्या."

त्यानं माझ्याकडं बघितलं, ड्रेसकडं बघितलं आणि वही सरकवली. पेनाचं टोपण काढून दिलं.

नावाच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं, बापाचं लिहिलं, आडनाव लिहिलं. पुढं वय लिहिलं. वयाचा रकाना तिथं नव्हता, तरी लिहिलं. सहासष्ट. मी सावकाश लिहितो, अक्षर अक्षर लावून. मागं आठ-दहा जण जमले, गळ्यात कार्डं. कुणीतरी म्हणलं, "काका, जरा पटकन."

मी मागं बघितलं नाही. कुणाला भेटायचंय, तिथं रेघ मारली. कामाचं कारण, तिथं लिहिलं: भिंतीवरचा माझा फोटो काढून न्यायला आलोय.

खाली सही केली. खिशातून पेचकस काढला. बोर्डाला चार स्क्रू आहेत.