यादीबाहेरचा एक

साचासर रिकाम्या खोलीला प्रश्न विचारायचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दिल्लीच्या द्वारका भागातल्या त्या सोसायटीच्या मागच्या खोलीत एकही विद्यार्थी आलेला नव्हता. सर ओळीने मांडलेल्या खुर्च्यांकडे बघत म्हणाले, "किती झाले?" मग उत्तर ऐकू आल्यासारखी मान हलवली आणि फळ्यावर काहीतरी लिहिलं. आल्या पावली परत फिरावंसं वाटलं, पण परभणीला घरी काय सांगणार? स्पर्धा परीक्षेचे तीन प्रयत्न वाया गेले होते, आणि फुकट प्रोग्रामिंग शिकवणारा मराठी माणूस दिल्लीत दुसरा कुठे मिळणार होता?

साचासर हे नाव त्यांच्याच बोलण्यावरून पडलं. सरकारी कचेरीच्या कम्प्युटर विभागातून निवृत्त झालेला हा माणूस प्रोग्रामिंगमधल्या 'क्लास'ला साचा म्हणायचा आणि त्यातून तयार होणाऱ्या 'ऑब्जेक्ट'ला मोदक. "मोदकात सारण किती, ते त्या मोदकाचं स्वतःचं. पण आजवर मोदक किती निघाले, ते कुठल्या मोदकावर लिहिलंय का? ते साच्याकडे. हे क्लास व्हेरिएबल, सगळ्यांत मिळून एकच." मग आवाज खाली आणून, "आणि क्लास मेथड म्हणजे थेट साच्यालाच विचारलेला प्रश्न. एकही मोदक नसला तरी विचारा. उत्तर येतं." हे 'उत्तर येतं' ते असं म्हणत की मागच्या रांगेतल्या मुली उगीचच मागे वळून बघत. सर जाऊन दोन वर्षं झाली, पण एकटीने काम करताना मी अजूनही पाठ भिंतीला लावून बसते.

चुकलं की ते ओरडत नसत, कीव केल्यासारखं बोलत. मी एकदा साच्याचा आकडा बदलायच्या ऐवजी एकाच ऑब्जेक्टवर तो लिहून बसले. सर म्हणाले, "स्वतःपुरतं बदललंस पोरी, बाकी जगाला पत्ताच नाही."

आम्ही सगळे एकूण संख्या शून्यापासून सुरू करायचो. सर मात्र स्वतःच्या प्रोग्राममध्ये एकापासून. मी विचारलं, तर "असू दे. तो एक असतोच," एवढंच. मराठी मंडळाच्या सेक्रेटरी शेखकाकूंनी मला बाजूला घेतलं. "अगं, त्यांची मिसेस. मंडळाच्याच एका ट्रिपला गेली, ती परत आलीच नाही. छोडो, पुन्हा विचारू नकोस." त्यानंतर वर्गातली कोपऱ्यातली खुर्ची मला रिकामी वाटेना.

जानेवारीत मंडळाची आग्र्याची सहल निघाली. पहाटे बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाचं नाव सर लॅपटॉपवर घालत होते. एक नाव घातलं की एकूण आकडा एकाने वाढायचा. दर थांब्यानंतर डोकी मोजायची, ती आकड्याशी जुळली की निघायचं, ही त्यांची शिस्त.

आठच्या सुमारास ढाब्यावर थांबलो. धुकं असं की हातभर अंतरावरचं दिसेना. "मी आलोच, तोवर तू बघ," म्हणून सरांनी लॅपटॉप माझ्याकडे दिला. सगळे चढल्यावर मी डोकी मोजली. एकेचाळीस. आकडा म्हणत होता बेचाळीस. पुन्हा मोजली. यादीतली नावं पुकारली, एकेचाळीसच्या एकेचाळीस जणांनी ओ दिली. मग हा वरचा कोण? खिडक्यांना बाहेरून धुकं चिकटलेलं. शेखकाकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. "तिलाच मोजतात गं ते."

मला भीती वाटली, आणि रागही आला. गेलेल्या बाईला किती वर्षं बसमधून फिरवायचं? मी सुरुवातीच्या एकाचा शून्य केला, प्रोग्राम पुन्हा चालवला. एकेचाळीस. "चलो भैया," मी म्हटलं. सर नेहमी पुढे ड्रायव्हरच्या केबिनमध्ये बसत, तसेच बसले असतील असं मी धरून चालले.

अर्ध्या तासाने ड्रायव्हरनेच मागे वळून विचारलं, "मैडम, सर जी पीछे बैठे हैं क्या?"

सगळ्यांची नावं घालणाऱ्याने स्वतःचं नाव कधी घातलंच नव्हतं. तो वरचा एक त्यांचा होता, यादीत नसलेल्या माणसाचा.

परत पोहोचायला तास लागला. धुक्यात आधी काहीच दिसलं नाही. मग बस जिथे उभी होती, नेमके तिथेच उभे असलेले सर दिसले. स्वेटर दवाने ओला झाला होता, ओठ निळे पडले होते. मी धावत जाऊन त्यांचे हात धरले. रडत रडत तेच तेच बोलत राहिले, "सर, यादी बरोबर आली होती हो... बरोबर आली होती..."

"बरोबरच होती, पोरी," ते शांतपणे म्हणाले. "सुलभाच्या वेळीही बरोबरच होती. ती यादी मीच केली होती. घरचंच माणूस, म्हणून तिचं नाव घातलं नव्हतं. आम्ही परत आलो तोवर ती बस शोधत रस्त्यावर गेली होती."

ते चढून आपल्या जागी बसले. ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे बघितलं. "मैडम, अब पूरे हैं ना? चलें?"

मी लॅपटॉप उघडून त्या शून्याचा पुन्हा एक केला.